आपली हत्यारपेटी : पंचवीस वर्षांच्या दुरुस्तीचा इतिहास

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आता आपल्या सोसायटीचा इतिहास लिहा." मी विचारलं, की संस्थापक सभासदांवर कोण लिहितंय, बोअरवर कोण, रस्त्याच्या भांडणावर कोण? सगळे विषय वाटून झाले होते. मग मी कपाटातून एक दोनशे पानी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. ही आपल्या सोसायटीच्या हत्यारपेटीची वही. कोणी, कोणत्या तारखेला, काय नेलं आणि कधी परत आणलं, एवढंच तिच्यात आहे. पण इतिहास असाच असतो. राजाच्या बखरीपेक्षा कोठाराच्या हिशेबात तो जास्त खरा सापडतो. म्हणून मी या वहीवर लिहितो.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या जिंतूर तालुक्यातली सगळ्यात जुनी हत्यारं कोणती, असं मी वर्गात पोरांना विचारत असे. पोरं तलवार म्हणत. मी म्हणे, छिन्नी आणि हातोडा. नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी बघा, चारठाण्याची हेमाडपंती देवळं बघा. दगडाला खाच पाडायची, दुसऱ्या दगडाला तशीच कूस ठेवायची आणि चुन्याशिवाय एकात एक बसवायचं. ज्यांनी हे केलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, पण काम अजून उभं आहे.

माझं लहानपण तालुक्यातल्याच एका खेड्यात गेलं. घर माळवदाचं. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, वर तुळया, त्यावर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा थर. दर उन्हाळ्यात मिरगाच्या आधी त्यावर नवी माती टाकून चोपायची, नाहीतर पावसाळ्यात घरात ठिकठिकाणी पातेली मांडायची वेळ. दार कुरकुरलं की सुतार, कडी तुटली की लोहार. पैसे द्यायचे नसत, सुगीला बलुतं. सुताराकडे वाकस, पटाशी, किकरं, रंधा, करवत, गुण्या, सामता अशी हत्यारं असत. आम्ही पोरं ती बघायला बसायचो, पण हात लावू देत नसत. त्यांच्यापेक्षा जास्त आमच्या घरचेच लावू देत नसत. आमचं घर लिहिण्या-वाचण्याचं. हत्यार धरणं हे "त्यांचं" काम. घराचं दार, आजीचा पाळणा, आजोबांची पेटी सगळं सुताराच्या हातचं. पण सुगीला तो ओसरीच्या खाली उभा राहून बलुतं घ्यायचा. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, आणि ते इथे लिहून ठेवायला हवं. कारण त्या चालीचा एक परिणाम असा झाला, की वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःच्या घराचा मालक झालो तेव्हा मला पक्कड कशी धरतात हे माहीत नव्हतं.

हत्यारांच्या नावांतही आपला इतिहास दडलेला आहे. रंधा आणि पेच हे फारसीतून आलेले शब्द. पेचकसातला पेच तोच. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे आपल्याकडे स्क्रू ड्रायव्हरला अजूनही पेचकस म्हणणारे पुष्कळ आहेत. मिस्त्री आणि चावी पोर्तुगिजांकडून आले. कानस, करवत, हातोडा हे आपले. म्हणजे एका छोट्या पेटीत केवढा मुलूख जमा झालाय पाहा.

माळवदाचं घर आपल्या भागातून गेलं त्याची कारणं बरीच आहेत. लाकूड महागलं, बलुतं बंद झालं, पोरं नोकरीला लागली. पण शेवटचा धक्का खरोखरच धक्का होता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण जड माळवदाखाली आणि दगड-मातीच्या भिंतींखाली सापडले. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली निर्धास्त झोपणं अवघड झालं. ज्याला जमलं त्याने स्लॅबचं घर बघायला सुरुवात केली. आपल्या सोसायटीची पहिली बैठक झाली तेव्हाही, "कॉलम-बीमचं आहे ना?" हा पहिला प्रश्न होता.

मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ च्या सुमारास सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी त्यामागे होते. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. आपल्या जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ही कल्पना पोचायला वेळ लागला, पण पोचली. २००० साली आपली नोंदणी झाली आणि २००१ च्या संक्रांतीनंतर आपण राहायला आलो. उपविधीची पुस्तिका प्रत्येकाला मिळाली. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. मीही वाचली नव्हती. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की बाहेरची, सामायिक दुरुस्ती संस्थेची. घराच्या आतली दुरुस्ती सभासदाची. खेड्यात जे काम बलुतेदार करत होता ते आता कागदावर आपल्या नावाने लागलं होतं. फक्त आपल्या हातात काही नव्हतं.

पहिला उन्हाळा

राहायला आलो त्याच वर्षी एप्रिलमधली गोष्ट. परभणीकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पत्र्याचा कूलर खिडकीत लावला होता. दुपारी आमच्या सौ. ओल्या पायाने कूलरमध्ये पाणी टाकायला गेल्या आणि किंचाळून मागे फेकल्या गेल्या. भिंतीवर आपटल्या म्हणून सुटल्या. चिकटल्या असत्या तर हा लेख मी लिहीत बसलो नसतो. मी धावत जाऊन काय केलं? कूलर बंद झाला की नाही ते बघायला त्यालाच हात लावणार होतो. दारातून आवाज आला, "गुरुजी! हात लावू नका!"

ते आपले मामा. सोसायटीतल्या सगळ्यांचे मामा. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घराण्यात पिढीजात सुतारकी. त्यांनी आधी मेन स्विच पाडला. मग विचारलं, "टेस्टर हाय का घरात?" नव्हता. "पेचकस?" तोही नव्हता. मामा स्वतःच्या घरून घेऊन आले. पाच मिनिटांत पिन उघडून दाखवली. तीन पिनांपैकी वरच्या मोठ्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. आत पंपाची वायर पत्र्याला घासून सोलली होती. पुढे शोध घेतला तर त्याहून वाईट निघालं. वायरिंग करणाऱ्याने अर्थिंगची तार भिंतीतून खाली आणून सोडून दिली होती, खड्ड्यातल्या पाइपाला जोडलीच नव्हती. मामा म्हणाले, "आता सगळ्यांची घरं बघू." त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरोघरी गेलो. आणखी चार घरांत तसंच सापडलं. चारही घरांत पत्र्याचे कूलर होते आणि लहान पोरं होती.

आपल्या हत्यारपेटीचा जन्म त्या संध्याकाळी झाला.

मामांनी निवडलेली हत्यारं

रविवारी मामा मला बाजारात हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. मी काचेतल्या चकचकीत बत्तीस नगांच्या पेटीकडे बघत होतो. मामा म्हणाले, "काय बघायलाव गुरुजी? त्यातले पंचवीस नग तुमी जन्मात वापरणार नाई, आन जे सात वापरताल ते पयल्या वर्षात वाकतील. सस्तं घ्यायचं तर दोनदा घ्यावं लागतं." मग त्यांनी एकेक हत्यार सुटं निवडलं. तो क्रम मी घरी येऊन वहीत लिहून ठेवला. वहीचं पहिलं पान तेच आहे.

पहिला टेस्टर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा. आत छोटा निऑन दिवा असतो. टोक तारेला, बोट मागच्या टोपीला. मामांचा नियम असा, की आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो का ते बघायचं, मगच संशय असेल तिथे लावायचा. कारण बिघडलेला टेस्टर पेटत नाही, आणि न पेटलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवून माणूस फसतो.

दुसरी पक्कड, आठ इंची. मामांनी ती उजेडाकडे धरून जबडे मिटवले. मधून उजेड दिसला तर परत. मग मूठ बघितली. रबरी मूठ असली म्हणजे विजेची पक्कड झाली असं नव्हे. मुठीवर १००० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच ती विजेची; आणि तरीही मेन बंद केल्याशिवाय काम करायचं नाही. त्या काळी लोक विलायती मालाची फार वाखाणणी करत. मामा म्हणाले, "कशाला पायजे? आपल्या नाशकात बनत्यात." ते खरंच होतं. टपारिया कंपनी १९६९ पासून स्वीडनच्या तांत्रिक साहाय्याने हत्यारं बनवते, सातपूरला तिचा कारखाना आहे. पंजाबात जालंधर-लुधियाना आणि राजस्थानात नागौर ही तर हत्यारांची गावंच आहेत. तिथला माल परदेशात जातो.

तिसरं, पेचकस दोन. एक चपटा, एक फुलीचा. पूर्वी सगळे स्क्रू एका खाचेचे असत. फुलीची खाच अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावाने १९३० च्या दशकात पुढे आली आणि आधी मोटारींच्या कारखान्यांत रुजली. कारण तिच्यात पेचकस आपोआप मधोमध बसतो, घसरत नाही. मापाचा पेचकस नसला की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग देव आला तरी निघत नाही. आपल्या सोसायटीत निम्मी दारं अशाच गोल डोक्यांनी अडली आहेत.

चौथी हातोडी, अर्ध्या किलोच्या आसपास. पाठीमागे खिळे उपटायची शिंगं असलेली. मामांनी दांडा आडवा धरून लाकडाचे रेषे बघितले. रेषे दांड्याच्या लांबीने सरळ हवेत, तिरपे असले तर दांडा मोडून डोकं उडतं.

पाचवा स्क्रू पान्हा, म्हणजे चाक फिरवून ज्याचं तोंड लहान-मोठं होतं तो. नळाचं काम याच्याशिवाय नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. क्षार बसून नळाचा दांडा जाम होतो आणि वॉशर खाल्लं जातं. वॉशर अगदी स्वस्तात येतो, पण पान्हा नसला की पूर्ण नळ बदलायला लागतो. आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा. आमच्या शेजारच्या सरांनी तो बंद न करता नळ उघडला होता. त्यांची गादी तीन दिवस गच्चीवर वाळत होती.

सहावा एक्सा ब्लेड आणि त्याची फ्रेम. ब्लेडवर बाण असतो, तो आपल्यापासून दूर जाणारा हवा. म्हणजे पुढे ढकलताना कापलं जातं, ओढताना नाही. मी पहिलं ब्लेड उलटं लावून अर्धा तास पाइपावर घासत बसलो होतो, हेही इतिहासात नोंदवून ठेवतो.

सातवी मोजपट्टी. इथे मामा आणि मी वाद घातला. मी म्हणालो, देशात १९५६ मध्ये मेट्रिकचा कायदा झाला, मी पोरांना सेंटिमीटर शिकवतो. मामा म्हणाले, "मग दुकानात जा आन बारा पॉइंट सात मिलिमीटरचा नळ मागा." गोष्ट खरी आहे. नळ अजून अर्धा इंची, पाइप पाऊण इंची, प्लायवूड सहा फुटी. आणि मिस्त्री तर अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कायद्याने गज आणि तसू गेले, पण सूत राहिलं. म्हणून दोन्ही मापांची पट्टी घेतली.

सगळं मिळून एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत मावलं. वर थोडं सामान : टेफ्लॉन टेप, वॉशर, फ्यूजची तार, काळी चिकटपट्टी, शिलाई मशीनचं तेल. कुलुपात मात्र तेल नाही, त्यात धूळ चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकायची.

वही काय सांगते

पुढच्या सर्वसाधारण सभेत मामांनी ठराव मांडला. सात हत्यारं प्रत्येकाने आपापली घ्यावीत. जी वर्षातून एकदाच लागतात ती संस्थेची असावीत : पाइप पान्हा, शिडी, पहार, थापी, ओळंबा, पाणसळ आणि हाताने फिरवायची ड्रिल. ठराव मंजूर झाला, पेटी माझ्याकडे आली आणि वही सुरू झाली.

पहिल्या दोन वर्षांत नुसती हातोडी आणि ड्रिल. फोटो टांगणं, पडद्याच्या दांड्या, देवघर. भिंतीत भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची की प्लॅस्टिकची, यावर तेव्हा चर्चा रंगायच्या. ती भिंतीतली खुंटी इंग्लंडच्या जॉन रॉलिंग्ज यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं काम करताना शोधली आणि १९११ च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. भिंत खराब न करता स्क्रू पक्का बसावा, हीच त्यांचीही अडचण होती. म्हणजे आपल्या चर्चा काही हलक्या नव्हत्या.

२००५ ते २००७ मध्ये हाताच्या ड्रिलच्या नोंदी दुप्पट दिसतात. तो भारनियमनाचा काळ. दिवसा वीजच नसायची. पूर्णेवर येलदरीचं धरण आपल्या उशाला, साडेबावीस मेगावॉटचं वीजघर तिथे, आणि आपण कंदिलाच्या उजेडात भोकं पाडत होतो. ज्यांनी विजेची ड्रिल घेतली होती तेही तेव्हा संस्थेच्या दारात यायचे.

२०१५ आणि २०१६ ची पानं पाइप पान्ह्याने भरली आहेत. दुष्काळाची वर्षं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हेच २०१६. आपल्याकडे टँकर, जास्तीच्या टाक्या, टाकीतून टाकीत पाइप. त्याच पानावर, १९ एप्रिलला, वहीत पहिल्यांदा बाईमाणसाची सही आहे. शेवटच्या घरातल्या काकू एकट्या राहतात. त्यांनी पान्हा नेला, व्हॉल्व्ह स्वतः बदलला आणि पान्हा पुसून परत आणून दिला. पंधरा वर्षं वहीत फक्त पुरुषांच्या सह्या होत्या, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

२०२० च्या मार्चनंतरची दोन पानं मला सगळ्यात आवडतात. टाळेबंदीत मिस्त्री येऊ शकत नव्हते. कधी हातोडी न धरलेल्या मंडळींनी पंखे उतरवले, मच्छरजाळ्या लावल्या, खुर्च्यांचे पाय बसवले. मामा तोंडाला गमछा बांधून गेटापाशी उभं राहून लांबूनच सांगायचे, "उलटं फिरवा! उलटं!"

मामा २०२२ मध्ये गेले. त्यांची स्वतःची पटाशी आणि वडिलांचा रंधा मामींनी पेटीत आणून ठेवला. त्या वर्षापासून वहीत नोंदी कमी कमी होत गेल्या आहेत. मागच्या वर्षी सगळ्या मिळून अकरा.

आता प्रश्न

यंदाच्या सभेत एक सूचना आली आहे, की पेटी बंद करावी आणि वार्षिक कंत्राट देऊन सगळी दुरुस्ती बाहेरून करून घ्यावी. सूचना करणारे तरुण सभासद चुकीचं बोलत नाहीत. वेळ नाही, आणि कारागिरालाही काम मिळायला हवं. मोठं काम त्याचंच आहे. मीटरच्या पलीकडची वायर, स्लॅबची गळती, कॉलम-बीमला गेलेली चीर, उंचावरचं काम, याला आपण हात लावू नये. त्यासाठी दुरुस्ती निधी आहे, तो उपविधीप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का जमा व्हायला हवा. तो जमतो का, हे सभेत विचारा.

पण कंत्राटदार कूलरची पिन रोज उघडून बघणार नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला तो येणार नाही. आपल्या काळ्या मातीवरच्या भिंतीला चीर पडली, तर ती वाढते की तशीच आहे हे त्याला कळणार नाही. आपण चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली, तर वर्षभरात कळतं. पावसाळ्यात दार घासायला लागलं की तो लगेच रंधा मारील आणि उन्हाळ्यात फट पडेल. घरात राहणारा माणूस हिवाळ्यापर्यंत थांबेल. आणि मेहनतीचं काम काय असतं हे स्वतः एकदा केल्याशिवाय आपण कारागिराला योग्य दामही देत नाही. ओसरीच्या खाली उभ्या राहिलेल्या सुताराची किंमत मला कळायला शेहेचाळीस वर्षं लागली, आणि ती मला पुस्तकाने नाही, मामांच्या पेचकसाने शिकवली.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझी सभासदांना विनंती आहे. कंत्राट जरूर द्या, पण पेटी ठेवा. नव्याने घर घेणाऱ्याला आपण नारळ देतो, त्याबरोबर एक टेस्टर द्या. आणि पहिल्याच दिवशी त्याला दोन जागा दाखवा : मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक.

दर खंडेनवमीला आपण पेटी उघडून पूजा करतो. मामा नेहमी म्हणायचे, "आधी तेल, मग हळद-कुंकू." यंदा पेटीला तेल लावायला माझ्याबरोबर दोन तरुण हात हवेत. माझे आता थरथरतात. वहीत अजून साठ कोरी पानं शिल्लक आहेत.

— एक संस्थापक सभासद (निवृत्त शिक्षक)